भोर व वेल्हे तालुक्यांतील हृदय व रक्तवाहिनी उपचारसेवा

भोर व वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागातील सह्याद्रीच्या रांगांत वसलेले दोन तालुके आहेत. वेल्हे तालुक्याचे नाव ‘राजगड’ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला. २०११ च्या जनगणनेनुसार भोर तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार, तर वेल्ह्याची सुमारे ५४ हजार होती. येथील हृदयरुग्णावर प्राथमिक उपचार तालुक्यात होतात आणि अँजिओप्लास्टी, झडपेची शस्त्रक्रिया, बायपास यांसारखे विशेष उपचार पुणे शहरात होतात. या दोन टप्प्यांमधील वेळ हाच येथील सेवेचा कळीचा प्रश्न आहे.

भूगोल व रुग्णालये

भोर शहर पुण्यापासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. पुणे–सातारा महामार्गावरील कापूरहोळ येथून भोरकडे, तर चेलाडी फाट्यावरून नसरापूरमार्गे वेल्ह्याकडे रस्ता जातो. महामार्गालगतच्या गावांना शहर तसे जवळ आहे. मात्र भाटघर जलाशयामागील भुतोंडे खोरे, नीरा-देवघरच्या वरचा हिरडोशीचा परिसर किंवा मढे घाटाजवळील केळद येथून केवळ महामार्ग गाठण्यातच बराच वेळ जातो. पावसाळ्यात दरड कोसळली किंवा ओढ्याला पूर आला, तर नकाशावरील अंतराला फारसा अर्थ उरत नाही.

सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेत सर्वांत खाली उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे, त्यांच्यावर वेल्ह्याचे ग्रामीण रुग्णालय व भोरचे उपजिल्हा रुग्णालय अशी उतरंड आहे. कॅथलॅब, म्हणजे क्ष-किरणांच्या साहाय्याने हृदयाच्या धमन्यांत नळी घालून तपासणी व उपचार करण्याची सुविधा, या स्तरावरील रुग्णालयांकडून अपेक्षित नसते. पुण्यातील ससून सर्वोपचार रुग्णालय हे पुढील उपचारांचे प्रमुख शासकीय केंद्र आहे. खासगी क्षेत्रात १९५९ साली डॉ. के. बी. ग्रँट यांनी स्थापन केलेले रुबी हॉल क्लिनिक हृदयोपचारासाठी जुने व परिचित आहे. साताऱ्याच्या बाजूने शहरात शिरताना धनकवडी येथील भारती रुग्णालय तुलनेने अलीकडे पडते.

हृदयविकाराचा झटका

हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमनीत गुठळी अडकून ती पूर्ण बंद झाली की हृदयस्नायू मरू लागतो. ही हानी पहिल्या काही तासांत सर्वाधिक वेगाने होते. छातीत दाब, डावा हात किंवा जबडा दुखणे, दरदरून घाम येणे ही नेहमीची लक्षणे आहेत. मधुमेही, वृद्ध व स्त्रिया यांच्यात केवळ धाप, मळमळ किंवा पोटाच्या वरच्या भागात जळजळ एवढेच आढळू शकते. ‘पित्त झाले असेल’ म्हणून सोडा किंवा आले-लिंबू घेऊन रात्र काढणे हे उशिराचे फार जुने कारण आहे. त्यामानाने रस्त्याला उगाच अधिक दोष दिला जातो.

रुग्ण पोहोचल्यावर १० मिनिटांच्या आत ईसीजी काढणे अपेक्षित असते. धमनी पूर्ण बंद झाल्याची विशिष्ट खूण ईसीजीत दिसली, तर दोन मार्ग उरतात. १२० मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टी होणे शक्य असेल, तर रुग्णाला थेट कॅथलॅब असलेल्या रुग्णालयात हलवतात. ते शक्य नसेल, तर गुठळी विरघळविणारे औषध जवळच्या रुग्णालयातच देतात आणि मग रुग्ण पुढे पाठवतात. औषधाने रक्तप्रवाह सुरू झाला तरी साधारण ३ ते २४ तासांत अँजिओग्राफी करतात. तो सुरू झाला नाही, तर तातडीने अँजिओप्लास्टी करावी लागते. दुर्गम खोऱ्यांसाठी हा दुसरा मार्ग अधिक व्यवहार्य ठरतो.

या औषधांपैकी स्ट्रेप्टोकायनेज स्वस्त असून ते सलाइनमधून ३० ते ६० मिनिटांत देतात. टेनेक्टेप्लेज महाग आहे, पण ते एकाच इंजेक्शनात दिले जाते. त्यामुळे लहान रुग्णालयात ते सोयीचे असते. मेंदूत पूर्वी रक्तस्राव झालेला असल्यास ही औषधे देत नाहीत. ईसीजीत ती विशिष्ट खूण नसलेल्या झटक्यातही त्यांचा उपयोग नसतो. म्हणून ईसीजीचे वाचन अचूक हवे. तालुक्यात हृदयरोगतज्ज्ञ उपलब्ध नसला, तरी आलेख मोबाइलवरून शहरातील तज्ज्ञाला पाठवून काही मिनिटांत सल्ला घेता येतो.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली. आरंभी तिच्या ताफ्यातील ९३७ वाहनांपैकी २३३ प्रगत जीवनरक्षक प्रकारची होती. त्यांत हृदयाचा मॉनिटर व विजेचा झटका देऊन ठोके पूर्ववत करणारे डिफिब्रिलेटर यंत्र असते. खासगी जीपमधून रुग्णाला नेणे कधी कधी लवकर होते, पण वाटेत हृदय बंद पडल्यास जीपमध्ये काहीच करता येत नाही.

झडपांचे व जन्मजात आजार

घशाच्या जिवाणूसंसर्गानंतर होणाऱ्या संधिवाती तापामुळे हृदयाच्या झडपा आकसतात. असा आजार अनेकदा गरोदरपणी धाप लागल्यावरच उघड होतो. दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन देऊन पुढची हानी टाळता येते, आणि हे काम प्राथमिक आरोग्य केंद्रातही होऊ शकते. मुलांच्या जन्मजात दोषांचा शोध राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या व शाळांत घेतात. या कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ मध्ये महाराष्ट्रातीलच पालघर येथून झाला.

पायांच्या रक्तवाहिन्या

चढ चढताना पोटरीत गोळा येणे व थांबताच बरे वाटणे हे पायाची धमनी अरुंद झाल्याचे लक्षण असू शकते. डोंगराळ भागात ते थकवा समजून सोडले जाते. तंबाखू व विडी ओढणाऱ्या तरुण पुरुषांत बर्जर रोगाने बोटे काळी पडतात. तंबाखू पूर्ण सोडल्याशिवाय त्यावर उपाय चालत नाही. पाय अचानक गार, पांढरा व बधिर झाला, तर साधारण सहा तासांत रक्तप्रवाह पुन्हा सुरू व्हावा लागतो, अन्यथा पाय कापण्याची वेळ येते. पायाच्या घोट्याचा व दंडाचा रक्तदाब यांची तुलना ही अगदी साधी तपासणी आहे. हे गुणोत्तर ०.९ पेक्षा कमी आल्यास धमनीविकार मानतात. ती फार कमी वेळा केली जाते.

खर्च

फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्रीय औषध किंमत प्राधिकरणाने औषधवेष्टित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये व साध्या स्टेंटची ७,२६० रुपये ठरविली. नंतर हे दर वेळोवेळी बदलले. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली. तिच्यात अँजिओप्लास्टी, बायपास व झडपांच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. लाभ केवळ योजनेशी संलग्न रुग्णालयातच मिळतो. त्यामुळे रुग्ण पाठविताना ते रुग्णालय संलग्न आहे का, याची फोनवर खात्री करून घेणे आणि शिधापत्रिका व ओळखपत्र सोबत देणे आवश्यक असते. कागदपत्रे घरी राहिली म्हणून तातडीचे उपचार थांबवायचे नसतात; आणीबाणीत फोनवरून पूर्वपरवानगी घेण्याची तरतूद योजनेत आहे.