इंजिन दुरुस्तीनंतरचा धूर : कारणे आणि तपासणी

प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका, पंचायत समितीची जीप अथवा शाळेची बस यांचे इंजिन खोलून त्याची संपूर्ण दुरुस्ती करणे, हे वेळ आणि पैसा या दोन्ही दृष्टींनी खर्चाचे काम आहे. बोअर करून, नवे पिस्टन व नव्या रिंगा बसवून वाहन परत येते आणि चार दिवसांतच सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागतो किंवा तेलाची पातळी खाली जाऊ लागते, असा अनुभव अनेक ठिकाणी येतो. ‘इंजिन अजून बसायचे आहे’, असे मिस्त्री सांगतो. हे म्हणणे काही वेळा अगदी खरे असते, तर काही वेळा ती केवळ चालढकल असते. या दोहोंतील फरक ओळखता आला, तर विनाकारण इंजिन पुन्हा खोलण्याचा खर्च टळतो आणि वेळीच दोष न शोधल्यामुळे होणारे नुकसानही टाळता येते.

इंजिन ‘बसणे’ म्हणजे काय?

जुळणी करताना सिलिंडर, पिस्टन आणि रिंगा यांना तेल लावलेले असते. जुने तेल सायलेन्सरमध्येही साचलेले असते. इंजिन प्रथम सुरू केल्यावर हे सारे तेल जळते व काही काळ धूर निघतो. त्यात चिंतेचे कारण नाही.

सिलिंडरच्या आतील भिंतीवर होनिंग करून एकमेकींना छेदणाऱ्या अतिसूक्ष्म रेषा मुद्दाम ठेवलेल्या असतात. या रेषांवर घासून नव्या रिंगा सिलिंडरच्या आकाराशी जुळतात. त्यासाठी रिंगा भिंतीवर दाबल्या जाणे आवश्यक असते आणि हा दाब ज्वलनातील वायूंमुळे मिळतो. म्हणूनच नवे इंजिन तासन्‌तास जागेवर चालू ठेवणे हितावह नाही. तसे केल्यास दाब अपुरा पडतो, भिंतीवर काचेसारखा गुळगुळीत थर चढतो आणि रिंगा कायमच्याच न बसण्याचा संभव निर्माण होतो. सुरुवातीचे ५०० ते १,००० किलोमीटर मध्यम भार देऊन, वेग कमी-अधिक करीत वाहन चालवावे. अतिवेग आणि अतिभार मात्र टाळावा. त्यानंतर तेल व तेलाचा फिल्टर बदलावा.

यातून एक साधी कसोटी हाती येते. धूर दिवसागणिक कमी होत असेल, तर इंजिन बसत आहे, असे समजण्यास हरकत नाही. तो तसाच राहिला किंवा वाढू लागला, तर दोष शोधणे क्रमप्राप्त ठरते.

धुराचा रंग

काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. तुंबलेला एअर फिल्टर, डिझेल इंजिनातील सदोष नोझल किंवा पंपाची चुकीची जुळणी ही त्याची नेहमीची कारणे होत. रिंगांचा येथे सहसा संबंध नसतो.

पांढऱ्या धुराबाबत तारतम्य हवे. थंडीच्या सकाळी थोडा वेळ दिसणारी वाफ स्वाभाविक असते, कारण इंधनाच्या ज्वलनातून पाणी तयार होतच असते. डिझेल इंजिनात थंड असताना न जळलेले इंधनही पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते आणि त्याचा वास डोळ्यांना झोंबतो. परंतु इंजिन पूर्ण तापल्यानंतरही दाट पांढरी वाफ येत राहिली आणि रेडिएटरमधील पाणी घटत असेल, तर हेड गॅस्केट, हेडची सपाटी व हेडचे बोल्ट यांवर संशय घ्यावा. हे बोल्ट ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या बळानेच आवळावे लागतात. तेल दुधाळ झाले असल्यास पाणी तेलात मिसळत आहे, हे निश्चित. असे वाहन पुढे चालवू नये. केवळ तेलाच्या झाकणाखाली थोडी साय दिसली, तर मात्र ती वारंवारच्या लहान फेऱ्यांमुळे साचलेल्या दमटपणाचीही असू शकते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

निळा धूर हा तेल जळत असल्याचा निदर्शक होय. तो केव्हा दिसतो, याकडे बारकाईने पाहिल्यास निदान पुष्कळसे सोपे होते. रात्रभर उभे असलेले वाहन सुरू करताच निळ्या धुराचा लोट येऊन थांबला, तर व्हॉल्व्हच्या सीलमधून तेल झिरपत असावे. पेट्रोल इंजिनात उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यानंतर धूर आला, तरी बहुधा व्हॉल्व्ह गाइड वा सील हेच कारण असते. कारण त्या वेळी आत निर्वात दाब वाढून तेल ओढले जाते. चढावर, जोर लावताना सतत धूर येत असेल, तर दोष रिंगा व सिलिंडर यांच्याकडे निर्देश करतो.

इंजिन उघडण्यापूर्वी

काही कारणे अगदी साधी असतात. प्रथम सपाट जागी वाहन उभे करून तेलाची पातळी पाहावी. तेल खुणेच्या वर भरले असल्यास फिरता क्रँक त्यात बुडतो, तेलाचा फेस होतो आणि धूर व गळती दोन्ही सुरू होतात. नंतर ब्रीदरची नळी तपासावी. ती तुंबली, तर क्रँक फिरतो त्या पोकळीत दाब साठतो व तेल मिळेल त्या वाटेने बाहेर पडते. तेलाची श्रेणी उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणेच आहे, याचीही खात्री करावी. टर्बो असलेल्या वाहनात त्याची तेल परत नेणारी नळी मोकळी असणे आवश्यक आहे.

पेट्रोल इंजिनात यानंतर स्पार्क प्लग काढून क्रमवार मांडावेत. एखादाच प्लग काळा व तेलकट असेल, तर दोष त्या सिलिंडरपुरता मर्यादित आहे. मग तापलेल्या इंजिनावर, सर्व प्लग काढून व थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. ज्यात ते कमी भरेल, त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे. आकडा लक्षणीय वाढला, तर रिंगांमधून दाब निसटत आहे. न वाढला, तर व्हॉल्व्ह अथवा गॅस्केट सदोष आहे. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत कॉम्प्रेशन कमी असल्यास त्यांच्यामधील गॅस्केट फुटल्याचा संभव अधिक. मात्र कॉम्प्रेशन उत्तम आहे म्हणून रिंगा निर्दोष, असा निष्कर्ष काढता येत नाही. भिंतीवरील तेल खरवडणारी खालची रिंग तुटली किंवा चुकीची बसली, तर कॉम्प्रेशन चांगले राहूनही तेल जळतच राहते. रिंग उलटी बसवणे किंवा सर्व रिंगांची तोंडे एका रेषेत ठेवणे, हे जुळणीतील प्रमाद होत.

तेलाचा हिशेब

धूर डोळ्यांना फसवू शकतो, तेलाची पातळी फसवत नाही. नव्या वाहनांतील धूर शुद्ध करणारी उपकरणे थोडासा निळा धूर झाकून टाकतात. शिवाय तेलातील द्रव्यांमुळे ती उपकरणे हळूहळू निकामी होतात. म्हणून खुणेपर्यंत तेल भरून किलोमीटरची नोंद करावी आणि ५०० किलोमीटरनंतर पुन्हा किती भरावे लागले, ते लॉगबुकात लिहावे. १,००० किलोमीटरला अर्धा ते एक लिटर तेल खर्च काही उत्पादक मर्यादेत मानतात. तथापि आपल्या वाहनाच्या पुस्तिकेतील आकडा प्रमाण धरावा. धूर नसताना तेल घटत असेल, तर रात्री वाहनाखाली कोरा पुठ्ठा अंथरावा. सकाळी डाग कोठे पडले, यावरून गळतीची जागा समजते.

तेलाच्या दाबाचा दिवा चालू इंजिनात लागला, तर इंजिन तत्काळ बंद करावे. दिव्याचा सेन्सर बिघडला असण्याची शक्यता असते, परंतु ती मापक लावून पडताळावी. वाहन चालवून नव्हे. तेलाअभावी क्रँकचे बेअरिंग जळण्यास फार वेळ लागत नाही.

कायदा आणि सार्वजनिक निधी

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ अन्वये, पहिल्या नोंदणीपासून एक वर्षानंतर वाहनासोबत प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र असणे बंधनकारक आहे. दुरुस्तीवर खर्च करण्यापूर्वी शासकीय वाहनाचे वयही पाहणे अगत्याचे ठरते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमानुसार शासकीय वाहनांची नोंदणी १५ वर्षांनंतर संपुष्टात येते. अशा मुदतीच्या उंबरठ्यावरील वाहनाचे इंजिन नवे करणे म्हणजे सार्वजनिक पैशाचा अपव्यय होय.

दुरुस्तीचे काम देतानाच बोअरची मापे, बसवलेल्या भागांची यादी व कॉम्प्रेशनचे आकडे देयकासोबत लेखी मागावेत. रनिंग-इन पूर्ण झाल्यावर तेच आकडे पुन्हा घेऊन ताडून पाहिले, म्हणजे ‘इंजिन बसायचे आहे’ या उत्तराची सत्यता कागदावरच ठरते. रात्री-अपरात्री प्रसूतीसाठी स्त्रीला घेऊन निघालेली रुग्णवाहिका वाटेत बंद पडू नये, यासाठी एवढी दक्षता फार नव्हे.