शिरीन : एका इराणी नावाची कुळकथा

सुरतेचे नाव निघाले की मराठी मनाला १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात. छत्रपती शिवाजी महाराजांनी ज्यावर दोनदा स्वारी केली ते मोगलांचे धनाढ्य बंदर, एवढीच सुरतेची ओळख आपण बहुधा शाळेपासून जपलेली असते. परंतु त्या बंदरात केवळ सोने-रुपे आणि रेशीम उतरत नव्हते. जहाजांबरोबर भाषा येत, कथा येत, माणसांची नावेही येत. तापीच्या काठी रुजलेल्या अशाच एका नावाविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत. ते नाव म्हणजे ‘शिरीन’.

प्रथम अर्थ पाहू. फारसी भाषेत ‘शीर’ म्हणजे दूध. त्यापासून ‘शिरीन’ हे विशेषण झाले. त्याचा अर्थ गोड, मधुर. संस्कृतातील ‘क्षीर’ आणि फारसीतील ‘शीर’ हे एकाच जुन्या घराण्यातले शब्द होत. क्षीरापासून आपली खीर झाली. ईदच्या दिवशी शेजारच्या घरून येणाऱ्या शिरखुर्म्यातला ‘शीर’ म्हणजे हेच दूध, आणि ‘खुर्मा’ म्हणजे खजूर. पिराच्या उरुसात वाटली जाणारी ‘शिरणी’ ही तर थेट ‘शिरीनी’, म्हणजे मिठाई. तेव्हा शिरीन हे नाव परके वाटले, तरी त्याची भावंडे आपल्या स्वयंपाकघरात केव्हाचीच नांदत आहेत.

येथे एक गंमत सांगितली पाहिजे. फारसी लिपीत दूध या अर्थाचा ‘शीर’ आणि वाघ-सिंहाचा वाचक ‘शेर’ हे शब्द एकसारखेच लिहिले जातात. आजच्या इराणात त्यांचा उच्चारही एकच झाला आहे. भारतातील फारसीने मात्र जुना उच्चारभेद सांभाळला, म्हणून आपला शेरखान निराळा आणि शिरखुर्मा निराळा राहिला.

हे नाव जगप्रसिद्ध झाले ते एका राणीमुळे. इराणच्या सासानी घराण्यातील खुसरो दुसरा याने ५९० ते ६२८ या काळात राज्य केले. शिरीन ही त्याची प्रिय राणी. राजा जरथुष्ट्राचा अनुयायी, आणि राणी ख्रिस्ती. सातव्या शतकातील ग्रीक इतिहासकार थिओफिलॅक्ट याने लिहून ठेवले आहे की, शिरीनला अपत्य व्हावे म्हणून खुसरोने सीरियातील रुसाफा येथील संत सर्जियसच्या मंदिराला नवस केला आणि पुढे तेथे मौल्यवान भेटवस्तू पाठविल्या. पूर्वेकडील ख्रिस्ती मंडळींच्या इतिहासात ही राणी त्यांची पाठराखीण म्हणून ओळखली जाते. इराण आणि इराक यांच्या सीमेवरील ‘कस्रे शिरीन’, म्हणजे शिरीनचा वाडा, या गावाच्या रूपाने तिचे नाव नकाशावर आजही उभे आहे.

इतिहासातील राणी काव्यात शिरली आणि तिचे आयुष्य वाढले. १०१० साली पुरा झालेल्या फिर्दौसीच्या ‘शाहनामा’त तिची कथा आहे. पण तिला घराघरांत नेले ते निजामी गंजवी या कवीने. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने ‘खुसरो व शिरीन’ हे प्रेमकाव्य रचले, तिला आर्मेनियाची राजकन्या केले आणि फरहाद या पाथरवटाला कथेत मोठे स्थान दिले. शिरीनला ताजे दूध मिळावे म्हणून कुरणापासून तिच्या वाड्यापर्यंत खडकात पन्हळ खोदण्याचे काम फरहादवर सोपविले जाते, आणि तो ते पार पाडतो. नावातच जिच्या दूध आहे तिच्यासाठी दुधाचाच पाट! उर्दूत ‘जू-ए-शीर लाना’, म्हणजे दुधाचा पाट आणणे, हा वाक्प्रचार अशक्यप्राय कामासाठी रूढ झाला, तो याच कथेवरून. पुढे फरहादला शिरीनच्या मृत्यूची खोटी बातमी सांगितली जाते आणि तो प्राण सोडतो. शिरीनही अखेर खुसरोच्या कबरीपाशी स्वतःचा अंत करते.

ही कथा भारतात फार लवकर पोहोचली. दिल्लीच्या अमीर खुसरोने तेराव्या शतकाच्या अखेरीस याच विषयावर आपले काव्य रचले. मोगल दरबारात निजामीच्या काव्याच्या सचित्र प्रती तयार झाल्या. पुढे पारशी नाटकमंडळ्यांनी शिरीन-फरहादला रंगभूमीवर आणले. १९३१ साली, बोलपट नुकताच बोलू लागला होता, त्या वर्षीच कलकत्त्याच्या मादन कंपनीने ‘शिरीन फरहाद’ हा गाण्यांनी भरलेला बोलपट काढला. १९५६ साली मधुबालेने पडद्यावर शिरीन रंगविली. राजदरबारातले नाव असे चार आण्यांच्या तिकिटापर्यंत येऊन पोहोचले.

आता कोणास वाटेल की, पारशी लोक इराणातून आले तेव्हाच हे नाव घेऊन आले असतील. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. सुरतेच्या दक्षिणेस, आजच्या महाराष्ट्राच्या सीमेजवळ, संजाण हे गाव आहे. पारशांचे पूर्वज तेथे उतरले, असे १६०० साली नवसारीच्या बहमन कैकोबादने लिहिलेल्या ‘किस्सा-ए-संजाण’ या काव्यात सांगितले आहे. तेथील राजाने त्यांना अटी घातल्या. त्यांत या देशाची भाषा बोलावी आणि स्त्रियांनी येथील पोशाख करावा, अशा अटी होत्या. ज्यांनी भाषा व वेष स्वीकारला, त्यांनी नावेही स्वीकारली. पारशी स्त्रियांत हिराबाई, रतनबाई, माणेकबाई, मोतलीबाई ही नावे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. ही नावे आपल्याही कानांना घरचीच वाटतील.

फारसी नावांकडे पारशी समाजाचा ओढा वाढला तो पुढे, आणि त्यात सुरतेचा वाटा मोठा आहे. १७५८ साली आंकतिल द्युपेराँ हा फ्रेंच तरुण सुरतेस आला. दस्तूर दाराब यांच्याकडे त्याने पारशांच्या धर्मग्रंथांचे शिक्षण घेतले आणि १७७१ साली पॅरिसमध्ये अवेस्ताचे भाषांतर प्रसिद्ध केले. प्राचीन इराणविषयीचे कुतूहल त्यानंतर सर्वत्र वाढू लागले. सुरतेजवळच्या मोरा सुमाली गावी १८१३ साली जन्मलेले माणेकजी लिमजी हातरिया हे मुंबईतील पारशांचे प्रतिनिधी म्हणून १८५४ साली इराणात गेले. यज्द व केरमान येथील जरथुष्ट्री बांधवांची दैन्यावस्था त्यांनी पाहिली, आणि दीर्घ खटपटीनंतर १८८२ साली त्या लोकांवरील जिझिया कर रद्द झाला. तुटलेला धागा जोडला गेला. इराणातून नवी कुटुंबे मुंबई-पुण्यास येऊ लागली, आणि त्यांच्याबरोबर ताजी इराणी नावेही आली. ज्यांच्या समाधीमुळे अहिल्यानगरजवळचे अरणगाव जगभर माहीत झाले, ते मेहेरबाबा १८९४ साली पुण्यात अशाच एका इराणी घरी जन्मले. त्यांच्या मातोश्रींचे नाव शिरीन.

नवसारीच्या दादाभाई नौरोजींच्या घराण्याचे उदाहरण पाहा. त्यांच्या आईचे नाव माणेकबाई, म्हणजे अस्सल भारतीय. पत्नीचे नाव गुलबाई. त्यात ‘गुल’ फारसी आणि ‘बाई’ आपली. नातींची नावे पेरीन, नर्गिस, खुर्शेद. एका घरावरून सगळ्या समाजाचा इतिहास ठरत नाही, हे खरे. पण वारे कोणत्या दिशेने वाहत होते, ते यावरून समजते. ‘शिरीनबाई’ या एका हाकेतही इराण आणि गुजरात शेजारी शेजारी बसलेले आहेत.

आज हे नाव कोणाकोणाचे आहे? सुरतेत ते पारशी घरांत आहे, तसेच दाऊदी बोहरा घरांतही आहे. शांततेचे नोबेल पारितोषिक २००३ साली मिळविणाऱ्या इराणच्या शिरीन एबादी मुसलमान आहेत. २०२२ साली जेनीन येथे वार्तांकन करताना गोळी लागून मरण पावलेल्या पॅलेस्टाईनच्या पत्रकार शिरीन अबू अकले ख्रिस्ती होत्या. सिंधू संस्कृतीच्या अभ्यासक शिरीन रत्नागर यांच्यामुळे हे नाव आपल्या विद्यापीठांत परिचित आहे. पारशी घरे मात्र कमी होत चालली आहेत. १९४१ च्या जनगणनेत पारशांची संख्या १,१४,८९० होती, ती २०११ मध्ये ५७,२६४ वर आली. ज्या घरांनी हे नाव पश्चिम भारतात लाडाने वाढविले, त्यांच्या पाळण्यांत ते आता क्वचितच ऐकू येणार, ही खेदाची गोष्ट आहे.

आम्हा शिक्षकांच्या हातात वर्षारंभी नवा हजेरीपट येतो. नाव वाचताच मुलीचा धर्म कोणता, हे मनाशी ठरवून टाकण्याची खोड शिक्षकांनाही असते. ही खोड केवळ वर्गापुरती राहत नाही. घर भाड्याने देताना, नोकरीचा अर्ज वाचताना, गाडीत शेजारी बसलेल्या प्रवाशाशी बोलतानाही माणसे नावावरून आपले आणि परके ठरवीत असतात. अशा वेळी शिरीनची कुळकथा आठवावी. ख्रिस्ती राणीचे हे नाव. तिचा पती जरथुष्ट्री, तिचा कीर्तिगायक कवी मुसलमान. या नावावरून धर्म ओळखू म्हणणारा हमखास फसेल.

संजाणच्या राजाने दुधाने काठोकाठ भरलेले पात्र पाठविले आणि पारशांच्या दस्तुराने त्यात साखर विरघळवून ते परत केले, ही कथा आपणांस ठाऊक असेल. ‘किस्सा-ए-संजाण’त ती नाही, लोकांच्या तोंडी ती वाढली आहे. परंतु दूध आणि गोडी यांचा तो मेळ ‘शिरीन’ या तीन अक्षरांत मुळापासूनच आहे. मुलीला हे नाव ठेवणाऱ्या आईबापांची इच्छा एवढीच असते की, आपल्या लेकीचे आयुष्य गोड व्हावे. ही इच्छा कोणत्याही धर्माच्या घरात समजते. तेव्हा पुढील वेळी हे नाव कानी पडल्यास धर्माची चौकशी करण्यापूर्वी त्याचा अर्थ आठवावा, एवढीच श्रोत्यांना विनंती आहे.