दीव : घटक राज्यदिनी दुरावलेले आपले बेट

३० मे १९८७ रोजी गोवा भारतीय संघराज्याचे पंचविसावे राज्य झाले. त्या दिवसाचा उत्सव आपण दरवर्षी करतो. त्याच दिवशी दमण आणि दीव यांची गोव्याशी असलेली प्रशासकीय नाळ तुटली, याची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही. १९६१ पासून पंचवीस वर्षांहून अधिक काळ पणजी हीच दीवचीही राजधानी होती. तीस सदस्यांच्या आपल्या विधानसभेत अठ्ठावीस आमदार गोव्याचे, एक दमणचा आणि एक दीवचा असे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात आपण महाराष्ट्रातील विलीनीकरणाचा प्रश्न सोडवत असताना, दीवची जनता गुजरातमध्ये जायचे की नाही याचा निर्णय देत होती. आज गोमंतकीय पर्यटक केरळ, राजस्थान पालथे घालतो, थायलंडलाही जातो. दीव त्याच्या यादीत क्वचितच असते. गोव्याच्या इतिहासाची काही पाने तेथे गेल्याशिवाय नीट वाचता येत नाहीत, म्हणून हा लेखनप्रपंच.

सौराष्ट्राच्या दक्षिण किनाऱ्याला लागून असलेले हे बेट जेमतेम चाळीस चौरस किलोमीटरचे. मुख्य भूमीपासून ते एका अरुंद खाडीने वेगळे झालेले आहे आणि पुलांनी जोडलेले आहे. पलीकडच्या काठावरील घोघला गाव गुजरातच्या भूमीवर असले तरी दीवचाच भाग होय. एवढ्याशा बेटासाठी सोळाव्या शतकात तुर्कस्तानपासून पोर्तुगालपर्यंतच्या सत्ता झुंजल्या, त्याचे कारण त्याच्या जागेत आहे. खंबायतच्या आखातातून तांबड्या समुद्राकडे जाणारा कापडाचा आणि मसाल्याचा व्यापार दीवच्या डोळ्यांसमोरून जात असे. ज्याच्या हाती दीव, त्याच्या हाती त्या व्यापाराची जकात, असा साधा हिशेब होता.

३ फेब्रुवारी १५०९ रोजी व्हाइसरॉय फ्रान्सिश्कु द आल्मैदा याने दीवसमोरच्या समुद्रात इजिप्तचे मामलुक, गुजरातचा सुलतान आणि कालिकतचा सामुद्री यांच्या संयुक्त आरमाराचा पराभव केला. त्यानंतर पुढच्याच वर्षी गोवा पोर्तुगिजांच्या हाती गेला. दीव मात्र गेले नाही. त्यासाठी त्यांना १५३५ पर्यंत वाट पाहावी लागली. हुमायूनच्या स्वारीने हवालदिल झालेल्या सुलतान बहादूरशाहाने मदतीच्या मोबदल्यात त्यांना येथे किल्ला बांधण्यास परवानगी दिली. दोनच वर्षांनी, १५३७ मध्ये, पोर्तुगीज गव्हर्नरच्या भेटीहून परतताना झालेल्या चकमकीत हाच बहादूरशाह दीवच्या समुद्रात मारला गेला. परवानगी देणाऱ्याचे काय होते, याचा तो धडा गुजरातच्या दरबाराने विसरला नाही. १५३८ मध्ये तुर्की आरमाराच्या साहाय्याने, आणि १५४६ मध्ये पुन्हा, किल्ल्याला वेढे पडले.

या दुसऱ्या वेढ्याशी गोव्याचा थेट संबंध आहे. तो सुमारे सात महिने चालला. सुरुंगाच्या स्फोटात किल्ल्याचा बुरूज उडाला आणि गव्हर्नर जुआंव द काश्त्रु याचा तरुण मुलगा फेर्नांदु त्यात मरण पावला. नोव्हेंबरमध्ये काश्त्रु स्वतः गोव्याहून कुमक घेऊन आला आणि वेढा उठला. परंतु तट ढासळले होते आणि पुनर्बांधणीसाठी तिजोरीत पैसा नव्हता. तेव्हा त्याने गोव्याच्या नगरसभेला पत्र लिहून वीस हजार पारदांव कर्जाऊ मागितले. तारण म्हणून मुलाच्या अस्थी पाठवण्याचा त्याचा विचार होता. पण मृतदेह तशा अवस्थेत नव्हता, म्हणून त्याने आपल्या दाढीचे केस पाठवले. गोव्याच्या नागरिकांनी रक्कम दिली आणि केस सन्मानाने परत केले. पोर्तुगीज शौर्यकथांत ही हकिकत गौरवाने सांगितली जाते. तिची दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. दीवच्या तटाला गोव्याचा पैसा लागलेला आहे, आणि तो देणाऱ्या शहराची श्रीमंती कोणाच्या श्रमावर आणि करावर उभी होती, हे गोमंतकीयाला वेगळे सांगावे लागत नाही.

किल्ला बेटाच्या पूर्व टोकाला आहे. तीन बाजूंनी समुद्र, आणि जमिनीच्या बाजूला खडक फोडून केलेला खोल खंदक. भरतीच्या वेळी त्यात समुद्राचे पाणी खेळते; शक्य असल्यास भरतीची वेळ साधूनच जावे. तटावर जुन्या तोफा आहेत आणि दीपस्तंभापाशी उभे राहिले की खाडीच्या मुखातला पाणीकोठा दिसतो. नांगर टाकून उभ्या असलेल्या दगडी जहाजासारखा हा छोटा जलदुर्ग कधीकाळी तुरुंग म्हणूनही वापरला गेला. घाईने पाहणाऱ्याचा किल्ला तासाभरात संपतो. आग्वाद किंवा रेईश मागूश ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी मात्र येथे अर्धा दिवस ठेवावा.

आग्वादशी तुलना करताना पहिला फरक जाणवतो तो दगडाचा. आपला चिरा सच्छिद्र. त्यावर बारीक कोरीवकाम टिकत नाही, म्हणून आपल्या चर्चना चुन्याचा गिलावा लागतो. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बासिलिकेच्या दर्शनी भागातील कोरीव काम करण्यासाठी वसईकडून काळा दगड आणावा लागला. दीवचा पिवळसर चुनखडी दगड मऊ, कोरायला सोपा. सेंट पॉल चर्चच्या दर्शनी भिंतीवरची शिंपले, वेली आणि वळणदार नक्षी त्यामुळेच शक्य झाली. हे चर्चही जेझुइटांचेच, आणि काळही जवळजवळ तोच: बॉम जेझूचा अभिषेक १६०५ चा, तर सेंट पॉलचे काम १६०१ मध्ये सुरू होऊन १६१० मध्ये पूर्ण झाले. दोन्ही पाहिलेल्या माणसाला एकाच आराखड्याचे दोन उच्चार ऐकल्यासारखे वाटते. आत लाकडी वेदी आहे, तीही निवांतपणे पाहावी. जवळच्या सेंट थॉमस चर्चचे आता संग्रहालय झाले आहे. तेथे मांडलेल्या संतांच्या लाकडी मूर्ती पाहताना भाविक नसलेल्या प्रार्थनास्थळाची शांतता जाणवते. दीवमध्ये ख्रिस्ती कुटुंबे आता थोडीच उरली आहेत.

किल्ल्यासाठी लागलेला दगड जेथून काढला असे सांगतात, ती नायडा गुहांची जागा जुन्या शहराच्या तटाबाहेर आहे. दगड काढता काढता जमिनीखाली दालने आणि वाटा तयार झाल्या. वरच्या फटींतून ऊन उतरते. दुपारच्या आधी गेल्यास प्रकाश चांगला मिळतो. तटाचा झांपा दरवाजा, नगरशेठची हवेली आणि मधल्या अरुंद गल्ल्या पायीच पाहाव्यात. अनेक घरांना कुलपे दिसतील. दीवच्या वाणी व्यापाऱ्यांचा मोझांबिकशी शतकानुशतके कापड आणि हस्तिदंताचा व्यापार होता; त्या वाटेने गेलेली कुटुंबे पुढे पोर्तुगालला आणि तेथून इंग्लंडला पोहोचली. पोर्तुगीज पासपोर्टची ही गोष्ट सासष्टीतल्या बंद घरांना अपरिचित नाही. आणखी एक धागा कायद्याचा. दीववर आजही मुंबई उच्च न्यायालयाचाच अधिकार चालतो आणि पोर्तुगीज नागरी कायद्याचा वारसाही आपल्यासारखाच आहे.

बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, चक्रतीर्थाजवळ, आयएनएस खुकरीचे स्मारक आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानी पाणबुडी हंगोरने ही युद्धनौका दीवपासून दूर खोल समुद्रात बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. त्याआधी दहा वर्षांपूर्वी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, हेच बेट गोव्याबरोबर मुक्त झाले होते. आपल्याकडे त्या दिवसाची चर्चा मांडवीच्या काठाशी थांबते. दीवमध्येही आदल्या दिवशी, १८ डिसेंबरला, लढाई झाली आणि ‘वेगा’ ही पोर्तुगीज गस्ती नौका भारतीय विमानांनी बुडवली.

समुद्रकिनाऱ्यांविषयी गोमंतकीयाला काय सांगावे! तरी नागव्याचा घोड्याच्या नालासारखा किनारा आणि तेथील फांद्या फुटलेले होका ताड पाहण्याजोगे आहेत. आपल्या बार्देशातल्या नागव्याशी असलेले नामसाधर्म्य तेथे गेल्यावर हसू आणते. घोघल्याचा किनारा अधिक लांब आणि मोकळा आहे. फुदमच्या गंगेश्वर मंदिरात किनाऱ्याच्या खडकातली पाच शिवलिंगे भरतीच्या लाटांनी न्हाऊन निघतात. सायंकाळी पश्चिम टोकाच्या वणाकबाऱ्याला गेल्यास मासेमारी बंदराची गजबज पाहायला मिळते. गुजरातमध्ये दारूबंदी असल्याने शनिवार-रविवारी आणि दिवाळीत तेथून येणाऱ्यांची मोठी गर्दी असते. तो अनुभव आपल्याला घरीच पुरेसा मिळतो. मधले वार निवडावेत.

दीवला रेल्वे नाही. मुंबईहून वेरावळपर्यंत रेल्वेने आणि पुढे सुमारे नव्वद किलोमीटर रस्त्याने जाणे सोयीचे. विमानतळ नागव्याजवळ आहे. मात्र विमानांचे वेळापत्रक आधी तपासून घ्यावे. ऑक्टोबर ते मार्च हा काळ उत्तम. वेरावळमार्गे गेल्यास सोमनाथ वाटेतच लागते. मुख्य मंदिरापासून थोड्या अंतरावर अहिल्याबाई होळकरांनी १७८३ मध्ये बांधलेले जुने मंदिर आहे. मोठ्या मंदिराच्या रांगेतून बाहेर पडलेले अनेक जण तिकडे वळत नाहीत. मराठी माणसाने वळावे. सासणगीरचे सिंह पाहायचे असतील तर परवाना आगाऊ ऑनलाइन काढावा लागतो, आणि १६ जून ते १५ ऑक्टोबर या काळात जंगलसफारी बंद असते. दीवसाठी दोन मुक्काम, सोमनाथ आणि गीरसाठी दोन, असा चार रात्रींचा बेत पुरतो.