दोन गाड्यांमधली मुंबई

नांदगावहून निघालेली गाडी पाच-सहा तासांत मुंबईला पोचते. मुंबईतच काम असेल तर प्रश्न नाही. पण पुढे रत्नागिरी, सावंतवाडी किंवा गोव्याला जायचे असेल, तर मध्ये अख्खी रात्र उरते. संध्याकाळची गाडी रात्री नऊ-दहाला सोडते आणि कोकणात जाणारी जनशताब्दी पहाटे पाचच्या सुमारास, तर मांडवी एक्स्प्रेस सकाळी सातनंतर सुटते. हे सात-आठ तास बहुतेक कुटुंबे फलाटावर चादर अंथरून, पिशव्यांना टेकून काढतात. लहान मुले डुलक्या घेतात, मोठी माणसे सामानावर नजर ठेवून जागतात. सकाळी गाडी सुटते तेव्हा मुंबईचे फक्त छत पाहून झालेले असते.

वास्तविक छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या (सीएसएमटी) दारातून बाहेर पडून अडीच-तीन किलोमीटर चालले, तर युनेस्कोच्या यादीतली दोन जागतिक वारसास्थळे पाहून होतात. पहिले म्हणजे हे स्टेशनच. २००४ मध्ये त्याला हा मान मिळाला. दुसरे म्हणजे फोर्ट ते मरीन ड्राइव्ह या पट्ट्यातल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह. तो २०१८ मध्ये यादीत आला. दोन्ही बाहेरून पाहायला तिकीट लागत नाही, आणि रात्री गर्दी ओसरलेली असते.

प्रवासातला मुक्काम नांदगावला काही नवा नाही. एके काळी हे गावच वेरूळच्या वाटेवरचे उतरण्याचे ठिकाण होते. मनमाडहून औरंगाबादकडे जाणारा निजामाच्या मुलखातला लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. तोपर्यंत लेणी पाहायला निघालेला मुंबईचा प्रवासी नांदगावला उतरायचा आणि पुढे टांग्याने देवगाव रंगारीच्या बाजूने वेरूळ गाठायचा. औरंगाबाद इथून ५६ मैल. इंग्रजी प्रवासी मार्गदर्शिकांत मुंबईपासून १७८ मैलांवरचे नांदगाव वेरूळसाठीचे स्टेशन म्हणून नोंदलेले असे.

मुंबई-नांदगावच्या याच लोहमार्गावरून फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न याने आपल्या ऐंशी दिवसांच्या जगप्रवासाच्या कादंबरीचा नायक नेला. फिलिअस फॉग २० ऑक्टोबर १८७२ रोजी दुपारी साडेचारला मुंबईत बोटीतून उतरतो. कलकत्त्याची गाडी रात्री आठला. मधल्या साडेतीन तासांत तो पारपत्रावर शिक्का घेतो आणि स्टेशनावर जेवायला बसतो. शहराकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याचा नोकर पासपार्तू मात्र मलबार हिलपर्यंत भटकून येतो. रात्री गाडी नाशिक ओलांडते आणि दुसऱ्या दिवशी खानदेशातून धावते. मालेगाव आणि वेरूळ यांचे उल्लेख कादंबरीत आहेत, म्हणजे नांदगावही वाटेत मागे पडलेच. फॉगला पैज जिंकायची होती. नांदगावच्या प्रवाशाला तशी घाई नसते.

दारातच पहिला मुक्काम

सामान आधी क्लोक रूममध्ये ठेवावे. तिकीट दाखवावे लागते आणि बॅगेला कुलूप हवेच. ते नसेल तर सामान घेत नाहीत. हात मोकळे झाले की बाहेर पडून रस्त्याच्या पलीकडे, महापालिकेच्या बाजूला जावे. स्टेशनाची दर्शनी बाजू तिथून पूर्ण दिसते.

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने ही इमारत उभी केली. काम १८७८ मध्ये सुरू झाले आणि १८८७ मध्ये, राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवात, तिला व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव मिळाले. मधल्या घुमटावर ‘प्रगती’चा पुतळा आहे. या स्त्रीच्या उजव्या हातात मशाल आणि डाव्या हातापाशी आऱ्यांचे चाक आहे. फाटकाच्या एका खांबावर ब्रिटनचा सिंह, दुसऱ्यावर भारताचा वाघ. नजर खाली आणली की भिंती बोलू लागतात: मोर, माकडे, खारी, पानाफुलांच्या वेली. हे कोरीव काम करण्यात जवळच्याच सर जे. जे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. दर्शनी भिंतीवर रेल्वे कंपनीशी संबंधित मंडळींचे मुखवटे आहेत. त्यांत जमशेटजी जीजीभाई आहेत आणि नाना शंकरशेटही आहेत. मुंबईत रेल्वे यावी म्हणून झटणाऱ्या नानांचा चेहरा मुलांना शोधायला सांगावा; त्यांचे पंधरा मिनिटे भान हरपते.

आत लोकलच्या तिकीटघरात एकदा मान वर करून पाहावे. निळ्या छतावर सोनेरी तारे आहेत. रोज लाखो माणसे त्याखालून धावत जातात. रात्री अकराला ते निवांत पाहता येते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री याच स्टेशनावर दहशतवाद्यांनी गोळीबार केला आणि पन्नासहून अधिक माणसे मारली गेली. त्या वेळी उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या जागेवरून हलले नाहीत. लोकलमधून उतरणाऱ्या प्रवाशांना ते मागच्या बाजूने बाहेर पडण्याच्या सूचना देत राहिले. त्यामुळे अनेकांचे जीव वाचले. इथे उतरणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला हे नाव ठाऊक असायला हवे.

समोरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच, १८९३ मध्ये पूर्ण झालेली. भूक लागलेली असेल तर स्टेशनासमोरच्या आरामचा वडापाव आणि बाजारगेटचा पंचम पुरीवाला या दोन जुन्या जागा आहेत. मात्र दोन्हीकडे उशिरा गेले तर दार बंद मिळते. आधी जेवावे, मग चालावे.

हुतात्मा चौकातून समुद्राकडे

दादाभाई नौरोजी रस्त्याच्या कमानींखालून सरळ निघाले की पंधरा मिनिटांत हुतात्मा चौक लागतो. १८६४ मधले फ्लोरा फाउंटन इथलेच. त्याच्या शेजारी शेतकरी आणि कामगार हातात मशाल घेऊन उभे आहेत. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच चौकात संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या मोर्चावर गोळीबार झाला. पुढची साडेचार वर्षे लढा चालला आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. नांदगावच्या शाळेत पुस्तकात वाचलेला धडा मुलांना इथे प्रत्यक्ष दाखवता येतो. त्यासाठी वेगळी सहल काढावी लागत नाही.

इथून वीर नरिमन रस्ता पश्चिमेला थेट समुद्रापर्यंत जातो. वाटेत डावीकडे कर्मवीर भाऊराव पाटील मार्गावर उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर अशी रांग दिसते. टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला, उंची २८० फूट. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने आईच्या नावाने त्यासाठी देणगी दिली. धर्मनियमाप्रमाणे सूर्यास्ताआधी जेवणाऱ्या त्या माउलीला घड्याळाच्या टोल्यांवरून वेळ कळायची, असे सांगतात.

ओव्हल मैदानाच्या एका अंगाला एकोणिसाव्या शतकातल्या टोकदार, दगडी, कोरीव इमारती आहेत. दुसऱ्या अंगाला १९३० नंतरची गोल सज्ज्यांची, सरळ रेषांची घरे. अर्ध्या शतकात शहराची आवड किती बदलली, ते एका मैदानाच्या दोन काठांवर दिसते. चर्चगेट स्टेशनासमोरचे इरॉस चित्रपटगृह १९३८ मधले. मरीन ड्राइव्हवरच्या इमारतीही याच धाटणीच्या. आर्ट डेको इमारतींच्या संख्येत मायामीनंतर मुंबईचा क्रमांक लागतो, असे मानले जाते.

समुद्राच्या कठड्यावर रात्री जागा मिळते. सायकलला किटली आणि कागदी कप अडकवून चहावाले फिरतात. समोर वळत गेलेली दिव्यांची रांग, मागे वाहतूक, पायाशी लाटा. कठड्यापलीकडच्या सिमेंटच्या टेट्रापॉडवर मात्र उतरू नये; ते निसरडे असतात आणि पावसाळ्यात तिथे दरवर्षी अपघात होतात.

परतताना पाय दुखत असतील तर काळी-पिवळी टॅक्सी करावी. रात्री बारा ते पहाटे पाच मीटरच्या भाड्यावर पाव पट जादा द्यावे लागतात, तो नियमच आहे. दक्षिण मुंबईत रिक्षा चालत नाहीत, त्यामुळे ती शोधण्यात वेळ घालवू नये.

झोप, आणि पहाट

म्हातारी माणसे किंवा तान्ही मुले बरोबर असतील तर आडवे व्हायची सोय आधी करावी. पक्क्या तिकिटाचा पीएनआर क्रमांक असेल तर रेल्वेची विश्रांतीखोली आगाऊ आरक्षित करता येते. २०२३ पासून स्टेशनाच्या आवारात झोपण्याचे पॉडही आहेत. एका माणसाला पुरेल एवढी बंद जागा तासांच्या हिशेबाने मिळते. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी प्रतीक्षालय आहेच. काही अडचण आली तर रेल्वेचा १३९ हा क्रमांक लावावा.

विमान पकडायचे असेल तर हिशेब वेगळा. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रोची तिसरी मार्गिका कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. आता सीएसएमटीहून विमानतळाच्या टी-२ टर्मिनलपर्यंत थेट जाता येते. शेवटची मेट्रो साडेदहाच्या आसपास सुटते आणि परदेशी विमानासाठी तीन तास आधी पोचावे लागते. अशा प्रवाशाने स्टेशन आणि हुतात्मा चौक एवढेच पाहावे. चौकात मेट्रोचे स्थानकही आहे.

तिकीट काढतानाच एक पाहून घ्यावे: गाडी नेमकी कुठे संपते. नांदगाववरून जाणाऱ्या बऱ्याच गाड्या कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला संपतात. तिथून सीएसएमटी पंधरा-सोळा किलोमीटर दूर आहे. अशा वेळी शक्य असेल तर ठाण्यालाच उतरून लोकल धरणे सोपे. मध्यरात्रीनंतर लोकल साधारण तीन तास बंद असतात आणि पहाटे चारच्या सुमारास पुन्हा सुरू होतात.

ती पहाटेची पहिली लोकल मांडवीच्या प्रवाशाच्या कामाची; ती धरून दादरला जावे. दादर पश्चिमेला पुलाखाली फूलबाजार तोवर भरलेला असतो. झेंडूचे ढीग, शेवंतीच्या टोपल्या, वसईचा सोनचाफा, दुर्वांच्या आणि आंब्याच्या डहाळ्यांच्या जुड्या घेऊन बसलेल्या बायका. भाव किलोवर ठरतो, हार घरी गुंफतात. नाशिककडचा झेंडू आणि गुलाबही इथेच उतरतो. सणाच्या आधी तो काय भावाने गेला, ते नांदगावच्या शेतकऱ्याला इथे पाच मिनिटांत कळते.

सामान पाठीवरच्या एका पिशवीत मावत असेल तर इथून सीएसएमटीला परतायचेही कारण नाही. मांडवी दादरला थांबते. त्यासाठी आरक्षणाचा तक्ता तयार होण्याच्या बऱ्याच आधी, निदान आदल्या दिवशी, तिकिटावरचे चढण्याचे स्टेशन बदलून दादर करून घ्यावे. नाहीतर सीएसएमटीला न चढलेल्या प्रवाशाची जागा दुसऱ्याला दिली जाऊ शकते.