माल, भाव आणि न दिसणारे गिऱ्हाईक

दुकान चालवण्याचा संगणकीय खेळ हाती आला की पहिला हात भावाच्या आकड्याकडे जातो. भाव चढवला की नफा वाढेल, हा हिशेब स्वाभाविक आहे. पण गेल्या पन्नास वर्षांतले असे खेळ एकापाठोपाठ एक पाहिले, तर भावाचे कोडे बहुधा लवकर सुटते असे दिसते. कस लागतो तो कोणता माल किती भरायचा यात. आणि तो प्रश्न सोपा की अवघड, हे खेळ गिऱ्हाइकाबद्दल आपल्यापासून काय लपवतो त्यावर ठरते.

‘लेमोनेड स्टँड’पासूनच हे दिसते. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या शैक्षणिक संगणक संस्थेत बॉब जेमिसन यांनी 1973 मध्ये तो लिहिला. ॲपल टूवर तो 1979 मध्ये आला. हातात दोन डॉलर. रोज सकाळी हवामान पाहून तीनच गोष्टी ठरवायच्या: सरबताचे ग्लास किती करायचे, 15 सेंटची एक अशा जाहिरातीच्या पाट्या किती लावायच्या, आणि भाव काय ठेवायचा. उरलेले सरबत दुसऱ्या दिवशी चालत नाही.

ॲपलच्या आवृत्तीतले मागणीचे सूत्र उघडून पाहिले की मौज कळते. पाटी न लावता साध्या उन्हाच्या दिवशी 10 सेंट भावाला 30 ग्लास खपतात. सुरुवातीला ग्लासामागे खर्च 2 सेंट, म्हणजे नफा 240 सेंट. भाव 8 केला तर 34 ग्लास जातात आणि नफा 204 वर येतो. 12 केला तर 20 ग्लास जाऊन 200 सेंट मिळतात. पुढे आई साखर फुकट देणे थांबवते, खर्च 4 सेंट होतो आणि नंतर 5, तरी 10 सेंटचा भाव आपली जागा सोडत नाही. भावाचा प्रश्न तिथेच मिटतो. उरतो तो मालाचा. पहिल्या पाटीने खप 30 वरून 41 वर जातो, दुसरीने 48, तिसरीने 53, चौथीने 55. चौथ्या पाटीने वाढलेले दोन ग्लास आपला खर्च जेमतेम भरून काढतात. ग्लासाचा खर्च 4 सेंट झाल्यावर तीच पाटी अंगावर येते. उष्णतेची लाट आली की खप दुप्पट होतो, आणि वादळ झाले की केलेले सगळे मातीत. इतक्या लहान कोडमध्ये नाशवंत मालाचा एवढा खरा धडा बसवणे, याला मी थोर कारागिरी मानतो.

जपानी ‘रेसेटियर’मध्ये (2007, इंग्रजी आवृत्ती 2010) माल नासत नाही, पण दर आठवड्याला कर्जाचा हप्ता असतो: 10 हजार, 30 हजार, 80 हजार, 2 लाख आणि शेवटी 5 लाख पिक्स (खेळातले चलन). इथे गिऱ्हाईक समोर उभे राहून घासाघीस करते आणि प्रत्येकाचा खिसा वेगळा असतो. लहान मुलीला महागडी तलवार दाखवण्यात अर्थ नाही. मुरलेले खेळाडू मूळ किमतीच्या चार-पाच टक्केच वर भाव सांगतात. गिऱ्हाइकाच्या मनातल्या आकड्याजवळ पहिल्याच बोलीत पोचले की जादा अनुभव मिळतो, तो सलग मिळत राहिला तर वाढतो, आणि त्यावर दुकानाची पत चढते. म्हणजे कमी मार्जिन ही पुढच्या मालासाठीची गुंतवणूक असते. शिवाय काही मालाचे भाव बाजारात मध्येच कोसळतात, मध्येच चढतात. कोसळलेला माल भरून ठेवायचा मोह होतो, पण पैसा मालात अडकला आणि हप्ता चुकला की खेळ संपतो. खेळत्या भांडवलाची ही ओढाताण या खेळाचा गाभा आहे.

स्पेनमधल्या ‘मूनलाइटर’मध्ये (2018) भाव आपण आधीच लावायचा आणि गिऱ्हाइकाचा चेहरा वाचायचा. मजेदार आहे, पण एका वस्तूचा भाव एकदा कळला की कोडे फिके पडते.

2024 मध्ये गाजलेला ‘सुपरमार्केट सिम्युलेटर’ तर बाजारभाव उघडच दाखवतो. त्यावर थोडे चढवायचे, फार चढवले की गिऱ्हाईक महाग म्हणून वस्तू सोडते. त्यामुळे सगळे लक्ष फळ्यांवर जाते: कोणत्या मालाचा परवाना आधी घ्यायचा, कोणत्या मालाला उठाव आहे, किती खोकी मागवली तर जागा आणि रोकड दोन्ही पुरतील. रिकाम्या फळीने गेलेले गिऱ्हाईक चढ्या भावाने गेलेल्याइतकेच महाग पडते.

आपल्याकडच्या किराणा दुकानदाराला बाजारभावावर चढवण्याची ही मोकळीक विचित्र वाटेल. पाकीटबंद मालावर एमआरपी छापलेली असते, तिच्यावर एक रुपयाही घेता येत नाही. त्याची कमाई घाऊक खरेदीच्या दरात, कंपनीच्या स्कीममध्ये आणि माल किती वेळा फिरला यात. आणि उधारी! मी पाहिलेल्या या चारही खेळांतले गिऱ्हाईक तिथल्या तिथे पैसे देते. उधारी थकलेल्या घराला आणखी माल द्यावा की नाही, नाही म्हटले तर ते घर कायमचे तुटेल का, हा निर्णय यांपैकी कुठल्याच खेळात घ्यावा लागत नाही. पुण्या-मुंबईत संगणक-खेळ बनवणारे मराठी तरुण आहेत. त्यांनी भाव गोठवलेला आणि उधारी मोकळी सोडलेला एक खेळ करावा. त्यात मालाची निवड आणि माणसाची पारख या दोनच गोष्टींवर दुकान चालेल.