थंडीवरचा आळ

डहाणूला थंडी पडते, हे डहाणूकर सोडून दुसऱ्या कुणाला खरं वाटत नाही. किनाऱ्यावर जानेवारीतही पहाटेचा पारा सहसा पंधरा-सोळा अंशांच्या आसपासच घुटमळतो. तलासरीकडे, उधवा-कुर्झ्याच्या बाजूच्या पाड्यांवर, गारवा जरा जास्त. पण डिसेंबर लागला की दोन्ही तालुक्यांत पहाटे एकच आवाज ऐकू येतो. किक, परत किक, मध्येच इंजिनाचा एक खोकला, आणि पुन्हा किक. गाडी असते पंधरा-वीस वर्षांची, शंभर सीसीची. घामाघूम झालेला मालक स्वेटर काढता काढता म्हणतो, "थंडीने गार पडलीय."

हा आळ मला पटत नाही. अशाच, याच वयाच्या गाड्या नाशिकला आठ-नऊ अंशांत दुसऱ्या-तिसऱ्या किकला सुरू होतात. इंजिन धडधाकट असेल तर पंधरा अंश ही त्याच्या दृष्टीने थंडीच नव्हे. आधीच अर्धवट झिजलेलं, गंजलेलं किंवा तुंबलेलं काहीतरी दुपारच्या उन्हात निभावून जातं आणि पहाटे उघडं पडतं. ते 'काहीतरी' काय, याचा शोध या भागात घ्यायचा तर इथलं पेट्रोल, इथली हवा आणि इथले रस्ते यांच्यापासून सुरुवात करावी लागते.

पहाटेचं महत्त्वही इथे वेगळं आहे. एप्रिल २०१३मध्ये विरारची लोकल डहाणू रोडपर्यंत आली आणि मुंबईची नोकरी इथून रोज गाठता येऊ लागली. तलासरीच्या तरुणाला मुंबईपेक्षा उंबरगाव आणि वापी जवळ; तिथल्या कारखान्यांची सकाळची पाळी धरायची तर अंधारातच निघावं लागतं. घोलवड-बोर्डीच्या चिकूवाड्यांतली माणसंही लवकर उठणारी. पाड्यापासून हमरस्त्यापर्यंत रिक्षा मिळेलच याची खात्री नाही, म्हणून घरात जी एक गाडी असते ती सुरू होणं म्हणजे त्या दिवसाची मजुरी.

ही गाडी बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या हातची. तिच्या पाटीवर अजून 'एमएच ०४' दिसतं, कारण १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सगळा मुलूख ठाण्यात होता. १९८५मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि चार-स्ट्रोक शंभर सीसीचा जमाना सुरू झाला. १९९४ला स्प्लेंडर आली. या इंजिनांनी कमी पेट्रोलमध्ये इतकं मुकाट काम केलं, की त्यांना देखभाल लागते हेच लोक विसरून गेले. पंधरा वर्षं झाली की आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण पाच वर्षांसाठी होतं. कागद नवा होतो, पण इंजिनातला टॅपेट कुणी बघत नाही.

आधी पेट्रोल. पेट्रोल हा एकच एक द्रव नाही. पस्तीस-चाळीस अंशांपासून दोनशेच्या पुढेमागे उकळणाऱ्या अनेक द्रवांचं ते मिश्रण आहे. तापलेल्या इंजिनात सगळ्यांचीच वाफ होते. गार इंजिनात मात्र फक्त हलका भाग उडतो, बाकीचं पेट्रोल थेंबाथेंबाने इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या भिंतींना चिकटून बसतं. ठिणगीला थेंब पेटवता येत नाहीत, तिला वाफ लागते. एरवी एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा हे प्रमाण आदर्श. गार इंजिनाला त्याहून कितीतरी जास्त पेट्रोल द्यावं लागतं, म्हणजे त्यातला हलका भाग तरी पुरेसा हाताशी येतो. चोक ओढला की हवेची वाट अडते आणि पेट्रोल जास्त खेचलं जातं. त्यासाठीच तो दिलाय. आणि नेमक्या त्याच वेळी आपण काय करतो? चोक ओढून ॲक्सिलरेटरची मूठ पिळतो. मूठ पिळली की हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरमधली ओढ ढिली पडते आणि चोकचं काम निम्मं होतं. चोक पूर्ण, मूठ बंद, सावकाश दोन किक आणि मग एक जोरदार. इतकं केल्यावर काही गाड्यांचा आजार तिथेच संपतो.

पण हलका भाग पेट्रोलमध्ये शिल्लकच नसेल तर? आतल्या पाड्यांपासून पंप लांब असतो, म्हणून किराणा दुकानात पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांमधून पेट्रोल मिळतं. कायद्याला ते मंजूर नाही, गरजेला आहे. बाटलीचं बूच सैल, बाटली दारात उन्हाला लावलेली. सर्वांत आधी उडून जातो तो हाच हलका भाग. दुपारी असं पेट्रोल चालून जातं, पहाटे नाही. सीमेपलीकडे गुजरातेत पेट्रोल वर्षानुवर्षं स्वस्त राहिल्यामुळे तलासरीकडची मंडळी सीमेवरचं अच्छाड ओलांडून टाकी भरून येतात आणि येताना एखादा कॅनही. टाकीतलं संपतं, कॅनमधलं पडून राहतं.

तलासरीच्या एका गॅरेजात एक वयस्क गृहस्थ स्प्लेंडर ढकलत आले. मिस्त्रीने किकला हातही लावला नाही. "काका, पेट्रोल कुठलं?" एवढंच विचारलं. दुकानातलं, असं उत्तर आल्यावर त्याने कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचा स्क्रू ढिला केला आणि निथळलेलं पेट्रोल काचेच्या ग्लासात धरलं. वर पिवळसर पेट्रोल, तळाशी बोटभर गढूळ पाणी आणि त्यात गंजाचे तांबूस कण. ग्लास काकांच्या हातात देऊन तो म्हणाला, "हे पेटवून दाखवा."

पाणी आलं कुठून? थोडं झाकणाच्या कुजलेल्या रबरातून, पावसाळ्यात. थोडं अर्ध्या रिकाम्या टाकीतल्या दमट हवेतून, रात्री पत्रा गार पडल्यावर. इथेनॉलने यात भर घातली आहे. फेब्रुवारी २०२३पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल बाजारात येऊ लागलं, आणि २०२५मध्ये देशभरातलं मिश्रण सरासरी तिथपर्यंत पोचलं. इथेनॉल पाणी शोषून घेतं. ठरावीक मर्यादेपर्यंत ते पाणी पेट्रोलमध्ये विरघळलेलं राहतं, बिनतक्रार जळूनही जातं. मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतात, आणि ही मर्यादा तापमान उतरलं की खाली येते. त्यामुळे रात्री आठला ठीक असलेली टाकी पहाटे पाचला दगा देऊ शकते. शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, आणि जळायला हवा कमी लागते. त्यामुळे आदर्श प्रमाण १४.७ वरून साडेतेराच्या आसपास येतं. जुन्या गाडीच्या कार्बोरेटरमधल्या, पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं भोक मात्र तेवढंच राहतं आणि मिश्रण पातळ पडतं. तरीही सगळं खापर इथेनॉलवर फोडणाऱ्यांशी मी सहमत नाही. निरोगी गाडीला यासाठी चोक थोडा जास्त वेळ ठेवावा लागतो, इतकंच. आजारी गाडीला मात्र हे निमित्त पुरतं.

पेट्रोल ठीक असेल तर ठिणगी पाडणारा प्लग काढायचा. किक मारमारून काढलेला प्लग कोरडा निघाला, तर पेट्रोल वर येतच नाही. ओला निघाला, तर पेट्रोल येतंय पण पेटत नाही. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. काळा तेलकट थर म्हणजे ऑइल वर चढतंय, पिस्टनच्या रिंगा संपत आल्यात. प्लग कॅपमध्ये घालून इंजिनाच्या हेडला टेकवायचा आणि किक मारून करंट बघायचा, हे सगळ्यांना माहीत आहे. प्लगचं भोक पेट्रोलने ओलं असेल तर ठिणगी त्याच्यापासून लांब धरावी, हे मात्र सांगावं लागतं. आणखी एक गोष्ट बरेच मिस्त्रीही ध्यानात घेत नाहीत. उघड्या हवेत दिसलेली ठिणगी हा पुरावा अर्धाच. सिलिंडरमध्ये हवा दाबलेली असते, तिथे तीच ठिणगी पाडायला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. बाहेर बारीक, पिवळट ठिणगी पडत असेल तर आत ती पडेलच असं धरून चालू नये. हवी ती निळसर, चटका देणारी.

इथे खारी हवा आपलं काम करते. झाई-बोर्डीपासून चिंचणीपर्यंतच्या किनाऱ्यावर तांबं फार लवकर हिरवं पडतं. मासळी घेऊन पाड्यांवर फिरणाऱ्याच्या गाडीवर तर क्रेटमधलं खारं पाणी दिवसभर गळत असतं. कॉइलपासून प्लगकडे जाणारी जाड वायर कॅपमध्ये जिथे शिरते, तिथे हिरवा थर साचतो. दंव पडलं की करंट प्लगकडे जायचा सोडून ओल्या कॅपवरून हेडवर उतरतो. अंधारात किक मारून बघा, कॅपभोवती चुरचुरणारी निळी रेघ दिसते. उपाय फुकटचा. कॅप फिरवून काढायची, वायरचं टोक अर्धा सेंटीमीटर कापायचं, कॅप पुन्हा आवळून फिरवायची. प्लगची फट जुन्या शंभर सीसीच्या बऱ्याच गाड्यांना ०.६ ते ०.७ मिलिमीटर लागते. झिजून ती वाढली की तेवढेच व्होल्ट जास्त हवेत, आणि हळू किकला ते मिळत नाहीत.

एवढ्यावरही गाडी किकला दाद देत नाही, पण धक्का मारला की लगेच सुरू होते, असं असेल तर माझा पहिला संशय टॅपेटवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतल्या फटीवर. तलासरीच्या चढउताराच्या पाड्यांवर लोक गाडी मुद्दाम उतारावर लावून ठेवतात. सकाळी दुसऱ्या गिअरमध्ये टाकायची, घसरू द्यायची आणि क्लच सोडायचा. त्यांनी स्वतःपुरती तोड काढलेली असते आणि वर्षभर निभतं. पण व्हॉल्व्ह बसता बसता आपल्या बैठकीत, म्हणजे सीटमध्ये, रुततो, टॅपेटची फट नाहीशी होते, आणि गार इंजिनात व्हॉल्व्ह केसभर उघडा राहतो. किकच्या मंद फेऱ्यात दाब तिथून निसटतो. उतारावर फेरे भराभर होतात, दाबाला निसटायला वेळ मिळत नाही. तापल्यावर ॲल्युमिनियमचं हेड प्रसरण पावतं, फट थोडी मोकळी होते आणि गाडी दिवसभर बिनबोभाट पळते. म्हणून मालकाची खात्री पटते, की दोष थंडीचाच. मॅग्नेटची कॉइल मंदावली असेल तरीही लक्षणं अशीच दिसतात, तेव्हा दोन्ही बघावं. पण टॅपेटला फक्त पाने, फट मोजायचं फिलर गेज आणि गार इंजिन लागतं. गाडी सकाळी तशीच गॅरेजला सोडावी, चालवत नेऊ नये. टॅपेट आवाज करतो म्हणून घट्ट आवळून घेणारे महाभाग आहेत. बारीक टिकटिक करणारा टॅपेट परवडला, मुका टॅपेट नाही.

गॅरेजात मात्र पहिला घाव कार्बोरेटरवर पडतो, कारण तो चार स्क्रूंत हातात येतो आणि गिऱ्हाइकाला काम झालेलं दिसतं. मंद गतीला पेट्रोल देणाऱ्या स्लो जेटचं भोक असतं ०.३५ ते ०.४ मिलिमीटरचं. महिनाभर उभ्या गाडीत पेट्रोल सुकून त्यात चिकट थर बसतो, तेव्हा तो साफ करायलाच हवा. पण हवेच्या दाबाने आणि क्लीनरने. पिनेने किंवा क्लच केबलच्या तारेने टोकरलेला जेट मोठा होतो तो कायमचा. पुढे गाडी पेट्रोल पिऊ लागली की एअर स्क्रू फिरवण्याचा खेळ सुरू होतो. सगळं तपासून झाल्यावर, इंजिन तापल्यावर हात लावायची गोष्ट आहे ती.

एप्रिल २०२०पासून भारत स्टेज सहा आलं आणि जवळजवळ सगळ्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर गेला, बऱ्याच गाड्यांतून चोकही. आता इंजिनाचं तापमान सेन्सर सांगतो आणि पेट्रोल किती सोडायचं ते कंट्रोल युनिट ठरवतं. या गाड्या आता जुन्या बाजारात येऊ लागल्यात, यथावकाश पाड्यांवरही येतील. त्यांना बाटलीतलं शिळं पेट्रोल आणि तळाचं पाणी चालत नाही. पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरची भोकं स्लो जेटपेक्षाही बारीक. बॅटरी अगदीच झोपली तर टाकीतला पंप फिरत नाही, आणि मग उतारावरून सोडूनही बहुतेक गाड्या सुरू होत नाहीत. जुनी गाडी काढून नवी घ्यायला निघालेल्याने मायलेजच्या आधी, घरापासून सर्वांत जवळचा बॅटरीवाला आणि कंट्रोल युनिट वाचणारा स्कॅनरवाला कुठे आहे हे विचारावं.