वन-पीस घ्यायचाय? आधी बर्फाला विचारा!

मनाली करून आलेल्या बहुतेक मराठी घरांच्या अल्बममध्ये एक फोटो हमखास सापडतो. सोलांगच्या रस्त्यावर नंबर लावलेल्या दुकानांतून भाड्याने घेतलेला वन-पीस सूट, गुडघ्यापाशी ढगळ आणि बाहीला तोकडा. पायात गमबूट, मागे बर्फ आणि आई-बाबा, काका-मावशी सगळे एका रांगेत अंतराळवीरांसारखे उभे! फोटो काढणं आणि स्लेजवरून दोन-चार वेळा घसरणं एवढंच त्या सूटचं काम. तेवढं तो इमानेइतबारे करतो.

पण पुण्या-मुंबईतली नवी नोकरदार मंडळी आता फोटोवर थांबत नाहीत. आठवडाभराची रजा टाकायची, गुलमर्ग गाठायचं आणि तिथल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनीअरिंगचा किंवा एखाद्या इन्स्ट्रक्टरचा कोर्स करायचा. दोन-तीन सीझन झाले की पावडरचे डोहाळे लागतात. पावडर म्हणजे नुकताच पडलेला, कोरडा, कुणी न तुडवलेला भुसभुशीत बर्फ. त्यातून स्कीइंग करताना घसरल्यासारखं वाटतच नाही, तरंगल्यासारखं वाटतं. आणि पडलात तर? कमरेपर्यंत आत! मग अंगावर काय आहे, हा प्रश्न स्टाइलचा राहत नाही. दिवस मजेत जाणार की कुडकुडत, ते त्यावरच ठरतं.

वन-पीसच का?

१९७७च्या 'द स्पाय हू लव्ह्ड मी'मध्ये पिवळ्याधमक सूटमधला जेम्स बाँड बर्फाच्या कड्यावरून थेट हवेत झेपावला होता. पुढे ऐंशीच्या दशकात निऑन रंगांच्या वन-पीसची लाट आली, मग जॅकेट-पँटने तिला मागे टाकलं आणि आता पावडरवाल्यांनी वन-पीसला पुन्हा मान दिलाय. त्यामागे फॅशन आहेच, पण साधं लॉजिकही आहे. खोल बर्फात पडलं की बर्फ पहिल्यांदा कमरेतून आत शिरतो. जॅकेट वर सरकतं, पँट खाली ओढली जाते आणि मधल्या फटीतून पाठीवर गारेगार अभिषेक! वन-पीसमध्ये ही फटच नसते. पाठीवरच्या सॅकचा पट्टा आवळला तरी काही वर सरकत नाही. कमरेला दोन कपड्यांची गर्दी होत नाही, वजनही थोडं कमी भरतं.

तोटेही ऐका. दुपारी ऊन पडलं म्हणून नुसतं जॅकेट काढून ठेवता येत नाही. एक बाही फाटली की अख्खा सूट दुरुस्तीला जातो. आणि हा सूट पुण्याच्या डिसेंबरमध्ये बाइकवर घालून मिरवता येणार नाही. म्हणजे खर्च फक्त बर्फासाठी आहे, हे मनाशी पक्कं करा.

थंडीपेक्षा घामाला घाबरा

पहिल्यांदा खरेदी करताना हात आपोआप जाडजूड, कापूस भरल्यासारख्या सूटकडे जातो. आपण उष्ण प्रदेशातले, थंडीची धास्ती असणारच. पण पावडर स्कीइंग ही भयंकर मेहनतीची गोष्ट आहे. पडायचं, उठायचं, बर्फात हरवलेली स्की शोधायची, कधी स्की खांद्यावर घेऊन चढायचं. दहा मिनिटांत अंगातून घामाच्या धारा लागतात. त्यानंतर तुम्ही गोंडोलाच्या रांगेत उभे राहता आणि तोच घाम गार पडतो. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने शरीराची उष्णता ओढून घेतं. त्यामुळे आतून ओला झालेला महागडा सूट हा कोरड्या साध्या सूटपेक्षा वाईट.

म्हणून पावडरसाठी बहुतेक जाणकार 'शेल' वन-पीस सुचवतात, म्हणजे आत भरणी नसलेला, वारा-पाणी अडवणारा नुसता बाहेरचा थर. ऊब आतल्या कपड्यांनी आणायची: अंगालगत मेरिनो लोकर किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर फ्लीस. थंडी वाढली तर एक थर चढवा, कमी झाली तर उतरवा. कॉटनचा टी-शर्ट आणि जीन्स मात्र हॉटेलवरच ठेवा. कॉटन घाम पिऊन बसतं, लवकर वाळत नाही.

गुलमर्गचं गणितही बघा. गाव सुमारे २,६५० मीटरवर आहे. १९९८मध्ये सुरू झालेला गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत नेतो आणि २००५मधला दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर, जवळपास ४,००० मीटरपर्यंत. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे खाली चहा पिताना ठीक वाटणारी हवा वर आठ-नऊ अंशांनी जास्त बोचरी, आणि वारा वेगळाच! इतका फरक एकाच जाड सूटमध्ये सांभाळता येत नाही, थरांनीच सांभाळावा लागतो.

लेबलवरचे आकडे

लेबलवर '१०के/१०के' किंवा '२०के/२०के' असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा वॉटरप्रूफपणाचा. १०के म्हणजे त्या कापडावर १०,००० मिलिमीटर, म्हणजे दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी आरपार येत नाही. दुसरा आकडा ब्रीदेबिलिटीचा: एका चौरस मीटर कापडातून २४ तासांत किती ग्रॅम बाष्प बाहेर पडतं, ते. पिस्टवर शिकणाऱ्याला १०के चालून जातं. पावडरमध्ये गुडघे टेकणं, बसणं, लोळणं सगळंच आलं, शिवाय घाम. तिथे दोन्ही आकडे २०केच्या आसपास असलेले बरे. प्रत्येक कंपनीची चाचणी सारखी नसते, त्यामुळे दोन ब्रँडमधल्या हजार-दोन हजारांच्या फरकावरून डोकं खाजवत बसू नका.

शिवण मात्र नीट बघा. सगळ्या शिवणींवर आतून टेप असेल तर उत्तम. काही सूटमध्ये फक्त खांदा-मांडीसारख्या मोक्याच्या जागी टेप असते, तिथे किंमत कमी का ते लगेच कळतं. हवा खेळायला काखेत आणि मांडीला चेन हवी. चढताना ती उघडली की आतली वाफ निघून जाते.

आणखी एक मुद्दा केमिकलचा. पाण्याचे थेंब ओघळून जावेत म्हणून कापडावर जो लेप देतात, त्यात वर्षानुवर्षं पीएफएएस नावाची, निसर्गात लवकर न विरघळणारी रसायनं असायची. कंपन्या आता त्यांच्याशिवायचे लेप वापरू लागल्यात. पर्यावरणाच्या दृष्टीने झकास, पण हे लेप तेल आणि मळ तितकेसे अडवत नाहीत. म्हणून असा सूट वेळच्या वेळी धुवावा लागतो.

टेलरचा टेप काढा

जॅकेट एक साइझ मोठं घेतलं तर खपतं. वन-पीसला हे सूत्र चालत नाही. इथे खरं माप छातीचं नाही, धडाचं. खांद्यावरून टेप सोडा, पुढून मांड्यांच्या मधून मागे न्या आणि परत त्याच खांद्यावर आणा. हे माप कमी पडलं तर वाकताना सूट तुम्हाला खाली खेचतो. जास्त झालं तर पार्श्वभाग गुडघ्यापाशी लोंबतो आणि पाऊल उचलताना अडकतो. फ्लीस घालूनच माप घ्या. परदेशी ब्रँडचे सूट उंच लोकांच्या मापाने बेतलेले असतात, त्यामुळे ऑनलाइन मागवताना साइझ चार्टकडे डोळेझाक नको. परत पाठवायचा खर्च अंगावर येतो.

रंगाचं म्हणाल तर पांढरा, राखाडी विसरा. धुक्यात सोबत्यांना तुम्ही दिसायला हवं. इथे भडक असणं हाच शहाणपणा!

'तो' नाजूक प्रश्न

सगळ्यांच्या मनात असतो, दुकानात कुणी विचारत नाही. टॉयलेटला कसं जायचं? उणे तापमानात अख्खा सूट खांद्यावरून उतरवणं म्हणजे शिक्षा. त्यावर उपाय आहे. मागच्या बाजूने एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत जाणारी चेन, म्हणजे 'ड्रॉप सीट', असलेला सूट मुलींनी तरी आवर्जून शोधावा. पुढची चेन दोन्ही बाजूंनी उघडणारी हवी. टॉयलेट टाळायला पाणी कमी पिणं हा उपाय मात्र अजिबात नको. उंचीवर डिहायड्रेशन झालं तर डोकेदुखी आणि थकवा ठरलेला.

भाड्याने की विकत?

पहिलाच कोर्स असेल तर सरळ भाड्याने घ्या. फक्त चेन पूर्ण लागतेय ना, शिवण उसवलेली नाही ना, बोटांवर पाणी घेऊन शिंपडलं तर थेंब ओघळतो की मुरतो, हे तिथेच बघा. मुरत असेल तर दुसरा मागा. वर्षाला आठवडाभरापेक्षा जास्त बर्फात असाल तरच विकत घेण्याचा विचार करा. नामवंत परदेशी वन-पीसची किंमत कित्येक शे डॉलरमध्ये जाते. तेवढ्यात कोर्सची फी निघते, हेही लक्षात असू द्या. आणि बुकिंगआधी बर्फाचा अंदाज घ्या. २०२५मध्ये बर्फच पुरेसा नव्हता म्हणून खेलो इंडिया विंटर गेम्सचा गुलमर्गमधला टप्पा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला होता.

सूट म्हणजे चिलखत नव्हे

आता जरा सिरियसली. पावडर जिथे असते, तिथे हिमस्खलनही असतं. फेब्रुवारी २०२३मध्ये अफरवटवर हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीअर गेले. फेब्रुवारी २०२४मध्ये गुलमर्गला एका रशियन स्कीअरचा जीव गेला. गोंडोलाच्या खालचा मुख्य उतार तिथली स्की पेट्रोल सांभाळते, त्याच्या हद्दीबाहेर जबाबदारी तुमची.

काही सूटमध्ये 'रेको' नावाची छोटी पट्टी शिवलेली असते. १९७३ साली स्वीडनमधल्या ओरे इथल्या हिमस्खलनानंतर ही कल्पना पुढे आली. बचावपथकाच्या यंत्राला ती पट्टी सापडते. पण पथक पोचेपर्यंत वेळ जातो, आणि गाडलेल्या माणसाकडे मिनिटंच असतात. म्हणून ट्रान्सीव्हर, प्रोब आणि फावडं प्रत्येकाकडे हवं, ते वापरायचा सराव हवा आणि सोबत स्थानिक गाइड हवा. ट्रान्सीव्हर सूटच्या आत, फ्लीसवर बांधायचा आणि मोबाइल त्याच्यापासून किमान २० सेंटिमीटर लांब ठेवायचा. म्हणजेच सूट घेताना खिसे कुठे आहेत, तेही बघायचं. छातीवरचा फोनचा खिसा दिसायला कितीही कूल असला, तरी तो ट्रान्सीव्हरला खेटून असेल तर फोन मांडीच्या खिशात टाका.

परत आल्यावर

सूट धुवा, पण फॅब्रिक सॉफ्टनर वापरू नका, कापडाचा श्वास कोंडतो. पूर्ण वाळवा आणि हँगरला लावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून माळ्यावर टाकलात, तर मुंबईच्या दमट हवेत आतला पीयू लेप दोन-चार पावसाळ्यांत चिकट होऊन सोलायला लागतो. मग पुढच्या सीझनला सूट काढाल तेव्हा टेप हातात आणि कापड खाली!

ट्रायलची दोन मिनिटं

* पूर्ण उकिडवे बसा. मांडीत किंवा खांद्यावर ओढ नको.
* दोन्ही हात वर करा. मनगट उघडं पडायला नको.
* हेल्मेटवरून हूड चढवा आणि मान दोन्हीकडे वळवा.
* ग्लोव्ह्ज घालून सगळ्या चेन उघडा-लावा.
* पायाच्या आतल्या बाजूला स्कीच्या धारेने फाटू नये म्हणून जाड पट्टी आहे का, आणि आतला गेटर स्की-बुटावर बसतो का, ते तपासा.
* ड्रॉप सीट एकट्याने उघडून बघा. दुकानात जमलं नाही, तर अफरवटवर अजिबात जमणार नाही!